उपासाचं ताट: एका दिवाळी अंकाच्या लेखासाठी केलेल्या नोंदी

२४ जून २०२५, पुणे

दिवाळी अंकासाठी विषय ठरला: उपासाचं ताट. संपादकांना 'पारंपरिक उपासाचे पदार्थ' हवेत, पाककृतींसह, फोटोंसह, सप्टेंबरअखेर. मला त्यातल्या 'पारंपरिक'बद्दलच लिहायचंय. फोनवर त्यांना खिचडीचं सामान वाचून दाखवलं. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो मूळचा ब्राझीलकडचा. बटाटा अँडीज पर्वतातला. शेंगदाणा बोलिव्हिया आणि आसपासच्या मुलुखातला. मिरची मेक्सिको आणि त्याच्या खालच्या पट्ट्यातली. पंधराव्या शतकापर्यंत यातलं काहीही आपल्याकडे कुणी पाहिलेलं नव्हतं. राहिलं तूप, जिरं, मीठ आणि चिमूटभर साखर.

ते म्हणाले, "हे वाचून लोक खिचडी सोडतील, आणि तुमच्या पाककृती वाया जातील." म्हटलं, 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण ज्यांनी केली ते असे सोडणारे नाहीत.

खरं तर 'सगळं अमेरिकेतून आलं' हे आता पुष्कळ जणांनी लिहून झालंय. चार ओळींत उरकतं. मला छळतोय तो पुढचा प्रश्न. रोजच्या जेवणात नवी भाजी येणं वेगळं. हे तर व्रत, देवाच्या नावाने पाळायचं, शंभर नियमांनी बांधलेलं. त्यात परक्या मुलुखातली पिकं बिनबोभाट शिरली कशी? हळद इथली, ती उपासाला चालत नाही. मिरची पोर्तुगिजांच्या जहाजांतून गोव्याला उतरली, ती चालते. याचा उलगडा झाला तर लेख, नाहीतर नुसत्या पाककृती.

६ जुलै, आषाढी एकादशी

आत्याकडे. सकाळी सातलाच तिने मोबाइल पुढे केला. "हे बघ गं काय आलंय." दर आषाढी-कार्तिकीला फिरणारा तोच मजकूर: साबुदाणा म्हणे शाकाहारी नाही, कंद मोठ्या खड्ड्यांत महिनोन् महिने कुजवतात, त्यात किडे पडतात, मग तो लगदा पायांनी तुडवतात. मजकूर वाचून दाखवता दाखवता तिचं खिचडीचं काम चालूच होतं.

ते काम जवळून बघण्यासारखं आहे. आदल्या रात्री ती साबुदाणा पाणी निवळेपर्यंत धुते. दाण्यावरचं सुटं पीठ गेलं नाही तर खिचडीचा चिकट गोळा ठरलेलाच. मग सगळं पाणी काढून दाणे जेमतेम बुडतील एवढंच पाणी ठेवते आणि झाकते. सकाळी एक दाणा चिमटीत दाबून पाहायचा. त्याचं पीठ झालं तर ठीक. मध्ये खडा लागला तर पाण्याचा हबका मारून पुन्हा झाकायचा. दाण्याचं कूट भरड, आणि ते कढईत न घालता आधीच साबुदाण्याला चोळायचं, मीठ-साखरेसकट. कुटातलं तेल दाण्यावर चढतं, म्हणून तो शेजारच्याला चिकटत नाही. तुपात जिरं, मिरची, बटाट्याच्या काचऱ्या. मग साबुदाणा, झाकण, एक वाफ, उलथन्याने खालून वर, पुन्हा एक वाफ. पांढरा दाणा काचेसारखा दिसायला लागला की गॅस बंद. त्यानंतर मिनिटभर जरी चढली तरी आत्या ती पाहुण्यांना वाढत नाही.

खाताना नियम विचारून घेतले. "धान्य नको, कडधान्य नको. मोहरी, हळद, हिंग नको. कांदा-लसणाचा तर प्रश्नच नाही." कोथिंबीर? आत्याकडे नाही, समोरच्या कोल्हापूरच्या काकू भरपूर घालतात. नागपूरच्या आमच्या जाऊबाई या खिचडीला उसळ म्हणतात. बाकी काय काय चालतं, असं विचारलं तर म्हणाली, "बाकी काय, चालतं ते चालतं."

हे वाक्य वहीत तसंच उतरवलंय. याच्यात काहीतरी आहे.

१० जुलै

साबुदाण्याचा माग काढायला बसले. दोन वेगवेगळ्या झाडांची गोष्ट एकात एक गुंतलेली आहे.

मूळचा साबुदाणा कंदाचा नव्हेच. मलुकू बेटं, न्यू गिनी, बोर्निओ, सुमात्रा या पट्ट्यातल्या दलदलीत एक ताड वाढतो. तो आयुष्यात एकदाच फुलतो, आणि फुलण्याआधी खोडात पिष्ट साठवून ठेवतो. नेमक्या त्या वेळी झाड तोडायचं, खोड उभं चिरायचं, आतला गाभा किसून पाण्यात खळबळायचा, गाळायचा, खाली बसलेलं पीठ घ्यायचं. तेराव्या शतकाच्या शेवटी मार्को पोलो सुमात्रात थांबला होता. झाडातून पीठ काढून त्याची भाकर खाणारे लोक त्याने नोंदवून ठेवलेत. एकोणिसाव्या शतकात सिंगापूर आणि मलाक्का इथले चिनी कारखानदार या ओल्या पिठाचे गोल दाणे वळून, भाजून जगभर पाठवत. विलायतेत त्याचं पुडिंग होई आणि आजाऱ्याला पेज.

दुसरं झाड म्हणजे कसावा. त्याच्या जाड मुळांत पिष्ट असतं आणि ते ताडाच्या मानाने कितीतरी लवकर, वर्षभराच्या आत हाताशी येतं. मलाक्का आणि पेनांगच्या आसपास याचे मळे उभे राहिले आणि कारखानदारांनी तेच दाणे कसाव्याच्या पिठाचे वळायला सुरुवात केली. दिसायला सारखे, शिजायला जवळपास सारखे, करायला स्वस्त. गिऱ्हाइकाला झाड बदलल्याचा पत्ता लागायचं कारणच नव्हतं.

आपल्याकडेही साबुदाण्याची पातळ खीर आजारातून उठलेल्याला देतातच. पचायला हलकं, पांढरं स्वच्छ, अन्न असून 'जेवण' नाही. माझा कयास असा, की तो पथ्याच्या वाटेने स्वयंपाकघरात आला आणि तिथून उपासाच्या ताटात सरकला. उपास आणि पथ्य यांचं आपल्याकडे नातं जवळचं आहे, जुन्या वैद्यकात लंघन हेच औषध. 'हलकं' म्हणून आलेल्या दाण्यात पुढे आपण तूप, दाणे आणि बटाटा घालून त्याचं काय केलं, ते सगळ्यांना ठाऊक आहे. १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात ३५० कॅलरी आणि प्रथिनं जेमतेम ०.२ ग्रॅम. दाण्याचं कूट आहे म्हणून त्या खिचडीला जेवणाची थोडीफार अब्रू.

१५ जुलै, मार्केट यार्ड

भुसार विभागात सकाळ घालवली. श्रावण तोंडावर, उपासाच्या मालाला उठाव आहे. साबुदाण्यात नंबर असतात, एक, दोन, तीन. दाण्याचा रंग आणि सारखेपणा पाहून. ओळखीच्या शेठनी तळहातावर दोन मुठी ओतल्या. एक चुन्यासारखा पांढराशुभ्र, दुसरा किंचित पिवळट. "ताई, गिऱ्हाईक पांढरा मागतं. मी घरी हा खातो," म्हणत पिवळट पुढे केला. जास्तीचा शुभ्रपणा धुलाईच्या रसायनांनी आणलेला असू शकतो. तमिळनाडूतल्या सेलममध्ये, साबुदाण्याच्या कारखान्यांवर, अन्नसुरक्षा विभागाच्या धाडी त्याच कारणाने पडत असतात.

नायलॉन साबुदाणा वेगळ्या पोत्यात. चिवड्याला, तळायला तोच. माल सगळा 'सेलम'. शेठना विचारलं, कधी गेला आहात का? "कशाला? फोनवर भाव कळतो."

भगर मात्र आपली, नाशिकच्या गिरण्यांतली. दोन पोती शेजारी शेजारी. उपासाला जी जुन्यात जुनी म्हणता येईल ती हीच, आणि भावही हिचाच चढा.

२८ जुलै, पहिला श्रावणी सोमवार

बटाट्यावर फार लिहायचं नाही. एकच तुकडा घेणार, महाबळेश्वरचा. एकोणिसाव्या शतकात तिथे इंग्रजांनी चिनी आणि मलय कैद्यांचा तुरुंग ठेवला होता. तो १८६४ साली बंद झाला. हे कैदी टोपल्या विणत आणि बागांत बटाटे, आरारूट, विलायती भाज्या पिकवत. म्हणजे श्रावणी सोमवारच्या बटाट्याच्या किसाचा एक पूर्वज समुद्रापलीकडून शिक्षा भोगायला आलेल्या माणसाने सह्याद्रीत लावलेला असू शकतो. आता पुण्यातला बटाटा मंचर, खेड आणि सातगाव पठारचा. त्या बाजूला दिवाळीनंतर जाईन, या लेखात नाही.

१२ ऑगस्ट, अंगारकी

चंद्रोदयाला पुष्कळ वेळ होता म्हणून दोन्ही साबुदाणे वाटीत भिजवून बसले. साध्याचा कोरडा दाणा ब्लेडने चिरला की बाहेर पातळ, पारदर्शक साल आणि आत पांढरं, ठिसूळ पीठ. म्हणजे भाजताना फक्त कवच शिजलंय, गाभा कच्चा आहे. पाणी कवचातून आत झिरपतं, गाभा फुगतो, आणि कढईत सत्तर अंशांच्या आसपास तोही शिजून पारदर्शक होतो. आत्याची 'दाणा काचेसारखा' ही खूण म्हणजे हाच क्षण. नायलॉनचा दाणा चिरला तर आरपार एकसारखा, शिंगासारखा कडक. तो भाजलेला नसतो, वाफवलेला असतो. आधीच पुरता शिजून वाळलेला. थंड पाण्यात तास गेले तरी पीठ होत नाही, तापल्या तेलात मात्र फुलून चौपट होतो.

लेखात हे चिरलेल्या दोन दाण्यांच्या फोटोसकट जाईल. संपादकांना मोदकांचा फोटो हवा असणार.

२८ ऑगस्ट, ऋषिपंचमी

काल गणपती आले, आज ऋषीची भाजी. या एका दिवसासाठी मी वर्षभर थांबते, आणि लेखाला हा दिवस सापडला हे बरं झालं. कारण उपासाचा याहून जुना नियम आपल्याकडे कुठे जिवंत दिसणार नाही: बैलाच्या कष्टाचं खायचं नाही. नांगरलेल्या शेतातलं धान्य नको. परसात, बांधावर, पाण्यात आपसूक किंवा हाताने लावून उगवलेलं तेवढं चालतं. मंडईत आज वाटे लागले होते: अळू, माठ, भेंडी, पडवळ, शिराळं, लाल भोपळा, सुरण, आंबट चुका, अंबाडी, कच्ची केळी. सगळं एका पातेल्यात, तेल नाही, फोडणी नाही, चिंच आणि मीठ. सोबत वरी किंवा देवभात. देवभात म्हणजे तळ्याकाठी आपोआप येणारा रानटी तांदूळ. मंडईत एकाच मावशींकडे होता, कागदाच्या पुडीत, मूठभर.

वरी आता नाचणीसारखी रीतसर पेरतात, गिरणीत सडतात, पोत्यांनी विकतात. वनस्पतिशास्त्राने ती तृणधान्य, ज्वारी-बाजरीची भावकी. तरी उपासाला धान्यात मोजत नाहीत, कारण ती डोंगरउतारावरची, ऋषींच्या खात्यातली. कोकणात याच खात्यात कणगरं, करांदे, कोनफळ येतात. शिंगाडाही इथलाच, तळ्यातला. अमेरिका येण्याआधीचं ताट हवं असेल तर ते आज माझ्या पुढ्यात आहे. फक्त भाजीत माठाशेजारी लाल भोपळा आहे, आणि तो अमेरिकन. कुणी त्याला हटकलेलं दिसत नाही. कोहळ्याचा भाऊ समजून आत घेतला असावा.

म्हणजे दिसणं महत्त्वाचं. कंदासारखं दिसलं तर कंद, फळासारखं दिसलं तर फळ, भोपळ्यासारखं दिसलं तर भोपळा. बटाटा, रताळं, कसावा हे जमिनीखालून आले आणि सुरणाच्या रांगेत जाऊन बसले. शेंगदाणा खरा तुरीचा, मुगाचा गोतावळा, म्हणजे कडधान्य. पण त्याचं फूल जमिनीवर फुलतं, मग देठ वाकून मातीत शिरतो आणि शेंग खालीच धरते. खणून काढायची वस्तू. त्यामुळे तोही सुटला.

१० सप्टेंबर, सेलम

कुर्ला-कोईमतूर एक्सप्रेसने सोलापूर, रायचूर, गुंटकल, बंगळूर करत आले. स्टेशनबाहेर पाटीवर जव्वरिसी पायसम. जव्वरिसी म्हणजे साबुदाणा. इथे त्याचं पायसम करतात आणि उन्हात घालायचे वडाम, म्हणजे पापड्या. उपासाशी त्याचा काही संबंध नाही. रिक्षावाल्याला सांगितलं, की आम्ही हे एकादशीला खातो. त्याने मागे वळून खात्री करून घेतली, की मी चेष्टा करत नाहीये.

आजचा दिवस इतिहासाचा. सतराव्या शतकात पोर्तुगिजांबरोबर कसावा मलबारात आला, पण तो गरिबाचं अन्न झाला तो त्रावणकोरच्या विशाखम तिरुनाळ महाराजांच्या काळात. १८८० ते १८८५ एवढंच त्यांनी राज्य केलं. दुष्काळाला उतारा म्हणून हा कंद लावायला लावला. पुढे दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी ब्रह्मदेश घेतला, रंगूनचा तांदूळ थांबला, आणि त्रावणकोर याच कंदावर तगलं. ताडीच्या गुत्त्यात कप्पा, म्हणजे उकडलेला कसावा, आणि झणझणीत मासळीची आमटी ही जोडी आजही केरळची शान आहे. आमच्या एकादशीचा दाणा आणि त्यांची मासळीची जोडीदारीण, दोघं एकाच मुळाची. हे वाक्य आत्याला वाचून दाखवायचं नाही.

याच युद्धाने सेलमचा साबुदाणा जन्माला घातला. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडलं, मलायाचा माल बंद. सेलमचे माणिकम चेट्टियार मासळीच्या व्यापारानिमित्त केरळात जात. तिथे त्यांची गाठ पेनांगहून आलेल्या पोपटलाल शहांशी पडली. शहांना पिष्ट काढायची रीत ठाऊक, चेट्टियारांच्या मुलुखात कंद पिकवायला जमीन. १९४३ मध्ये घरगुती पातळीवर, हातानेच दाणे वळत काम सुरू झालं. पुढच्याच वर्षी टंचाई आली. माणसांनी कंद खायचा की कारखान्यांनी, असा पेच पडला आणि जिल्हाधिकाऱ्यांनी माल जिल्ह्याबाहेर नेण्यावर बंदी घातली. कारखानदारांनी संघटना बांधून ती उठवून घेतली.

म्हणजे महाराष्ट्रातल्या आज नव्वदीत असलेल्या आजींच्या लहानपणी त्यांच्या घरात आलेला साबुदाणा मलायाचा असेल. त्यांच्या लग्नातला सेलमचा. आपण ज्याला परंपरा म्हणतो तिचा पुरवठादार एका महायुद्धात बदलला आणि ताटाला कळलंही नाही.

११ सप्टेंबर, आत्तूर रस्त्यावर

कारखान्याच्या मालकांनी नाव न छापण्याच्या अटीवर सगळं मोकळेपणाने दाखवलं. आधी नाकाला कळतं: आंबूस, ओल्या पिठाचा वास, फाटकाच्या बाहेरपर्यंत. सांडपाण्याची तक्रार या धंद्याला जुनीच आहे. आता बऱ्याच ठिकाणी त्याच पाण्यावर बायोगॅस करतात. इथेही टाकी होती.

ट्रकमधून कंद उतरत होते, तपकिरी, हाताएवढे लांब. व्हॉट्सअॅपवरच्या त्या मजकुराला उत्तर इथेच मिळतं. काढणीनंतर दिवस-दीड दिवसात कंद दळला नाही तर आतून निळसर-काळा पडायला लागतो आणि पिष्ट उतरतं. कुजवला तर मालकाचंच नुकसान. त्यामुळे इथे सगळी घाई चालते ती कुजू न देण्याची. साल निघाली, धुतले, दातेरी रोळाखाली किसले, पाण्याच्या फवाऱ्याखाली चाळणीवर हलवले. दुधासारखं पाणी खाली, चोथा वर. चोथ्याला इथे तिप्पी म्हणतात. तो वाळून गुरांच्या चाऱ्यात जातो. पाणी टाक्यांत रात्रभर स्थिर ठेवलं की पीठ तळाशी घट्ट बसतं, फावड्याने काढावं लागतं इतकं. पायांनी तुडवण्याच्या गोष्टीत जुन्या काळातलं काही असलंच तर ते या टाकीत उतरण्याचं असावं. माझ्यासमोर गमबूट घालून माणूस उतरला आणि वडी कापून वर देत होता.

किसण्या-धुण्याला आणखी एक काम असतं. कसाव्याच्या कंदात सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं, कडू वाणांत जास्त. किसताना पेशी फुटल्या की कंदातलंच विकर ते मोडतं, विष पाण्याबरोबर आणि पुढच्या उष्णतेत निघून जातं. ब्राझीलच्या मूळ रहिवाशांनी हे हजारो वर्षांपूर्वी साधलं होतं: किसा, पिळा, भाजा. आत्तूरच्या कारखान्यात तोच क्रम विजेवर चालतो.

दाणा होतो कसा, ते बघायला मी मुद्दाम थांबले. ओलसर वडी फोडून भुगा करतात. तो लांब कापडी झोळीत पडतो, यंत्र झोळीला मागेपुढे हिसके देत राहतं. आधी काहीच दिसत नाही, नुसता भुगा घरंगळतो. मग हळूहळू कण कणाला धरतो, वर भुगा चढत जातो, आणि मिनिटं-दोन मिनिटांत झोळीच्या तोंडाशी मोत्यांची धार लागते. चाळणी लागलीच निवाडा करते, फार मोठे आणि फार बारीक परत भुग्यात. पुढे लोखंडी तव्यांची रांग. तव्याला खोबरेल तेलाचा बोळा फिरवायचा, दाणे पसरायचे, लाकडी खरवडणीने हलवत राहायचं. इथे ते कवच शिजतं. शेवटी सिमेंटचं भलंमोठं खळं आणि ऊन. पाऊस आला की सगळे खळ्याकडे धावतात. ऑक्टोबरपासून इथे परतीचा मोसमी पाऊस, म्हणून आताच घाई.

मालकांनी हिशेब सांगितला: साधारण चार-पाच किलो कंदाचा एक किलो साबुदाणा. पोतं ९० किलोचं, भावही त्यावरच बोलतात. विक्री मोठ्या प्रमाणात इथल्या सहकारी संस्थेमार्फत, ती १९८१ सालची. २०२३ मध्ये सेलमच्या जव्वरिसीला भौगोलिक मानांकनही मिळालं. मग ते म्हणाले, "तुमच्या राज्यात कुठला सण कधी, हे आमच्या मुकादमाला पाठ आहे. नवरात्राआधी झोपायला मिळत नाही." महाराष्ट्र, गुजरात आणि मध्य प्रदेश उपास करतात म्हणून सेलमची भट्टी पेटते.

दुपारी कामगारांच्या डब्यातला उकडलेला कंद मिळाला, खोबऱ्याच्या चटणीबरोबर. रताळ्यापेक्षा कमी गोड, मधोमध दोरासारखी शीर. मला खिचडीपेक्षा आवडला.

१७ सप्टेंबर, पुणे

पितृपक्ष चालू आहे आणि लेखाचा कणा मिळाला, तोही श्राद्धाच्या स्वयंपाकातून.

सेलममध्ये ज्यांच्याकडे उतरले होते ते तमिळ ब्राह्मण कुटुंब. काकूंनी सांगितलं होतं, आमच्या श्राद्धाला बटाटा नाही, टोमॅटो नाही, कोबी नाही, मिरचीही नाही, तिखटाला मिरीच. पुरीच्या जगन्नाथाच्या महाप्रसादातही बटाटा, टोमॅटो, हिरवी मिरची यांना मज्जाव. म्हणजे हीच नवी पिकं, हाच सोवळेपणा, आणि निकाल अगदी उलटा.

फरक नियमाच्या घडणीत आहे. श्राद्धाला आणि देवळाच्या कोठीत काय काय वापरायचं याची यादी असते. यादीत नाव नाही म्हणजे दाराबाहेर. नव्याला तिथे कधीच जागा मिळत नाही. एकादशीच्या उपासाला काय वर्ज्य त्याची यादी: धान्य नको, कडधान्य नको, अमुक मसाले नकोत. जे पीक त्या काळी इथे नव्हतंच ते वर्ज्य कोण करणार? आत्या म्हणाली तेच. बाकी काय, चालतं ते चालतं. हळदीचं नाव वर्ज्यांत होतं म्हणून ती अडकली. मिरची उशिरा आली म्हणून सुटली. बटाटा, साबुदाणा, शेंगदाणा यांना उपासाला घेतलं गेलं ते नवे असूनही नव्हे, तर नवे होते म्हणूनच.

हा परिच्छेद आज एका बैठकीत लिहून झाला. बाकी लेख याच्याभोवती बांधायचा.

२३ सप्टेंबर, नवरात्राची दुसरी माळ

राजगिरा. भाजीचा राजगिरा, माठ हे इथलेच, पण ज्याच्या दाण्याचे लाडू होतात त्या जाती मेक्सिको आणि अँडीजच्या. आज घरी लाह्या फोडल्या. कढई चांगली तापवायची, एका वेळी चमचाभरच दाणे, आणि फडक्याच्या बोळ्याने ते दाबत फिरवायचे, नाहीतर निम्म्या लाह्या ओट्यावर. क्षणभर उशीर झाला की करपतात. मग गुळाचा पाक, थापायचं, वड्या.

मेक्सिकोत याच लाह्यांच्या मधात किंवा काकवीत बांधलेल्या वड्या रस्त्यावर विकतात. त्यापलीकडची गोष्ट अशी, की अॅझ्टेक लोक राजगिऱ्याच्या पिठाची देवाची मूर्ती घडवत, पूजा झाली की तिचे तुकडे करून प्रसादासारखे खात. बर्नार्दिनो दे साहागून या स्पॅनिश धर्मगुरूने सोळाव्या शतकात हे तपशिलाने लिहून ठेवलंय. स्पॅनिशांना त्यात आपल्या पवित्र भोजनाची विटंबना दिसली आणि त्यांनी तो विधी मोडून काढला. तिकडे धर्माने हाकललेलं धान्य इकडे देवीच्या उपासाला लाडू होऊन बसलं. कुणी ठरवून केलेलं नाही, म्हणून जास्त आवडतं मला.

२९ सप्टेंबर

लेख गेला. संपादकांचा फोन, एकच शंका: तुमचं म्हणणं खरं तर मक्याचं काय? तोही अमेरिकेचा, तोही नवा, मग कणीस उपासाला का नाही?

शंका रास्त आहे, आणि लेखात उत्तर हवंच होतं. नवं असणं पुरत नाही, ओळखताही येता कामा नये. मक्याला कणीस आहे, दाणे आहेत, पीठ होतं, भाकरी होते. पहिल्या दिवसापासून तो ज्वारीचा थोरला भाऊ दिसला आणि धान्यात जमा झाला. शेंगदाण्यासारखी मातीत लपायची सोय त्याला नव्हती.

हे पडताळायला ताजं पीक हवं होतं. दुकानातून किनोआ आणला. अँडीजचा, राजगिऱ्याच्याच कुळातला. संध्याकाळी आत्याच्या तळहातावर ओतला आणि नाव न सांगता विचारलं, उपासाला चालेल?

तिने निवडल्यासारखं बोटाने फिरवलं. "राजगिरा आहे का हा? मोठा दिसतोय." म्हटलं, त्याच्या नात्यातला. "मग चालेल." मग थांबून, "करतात काय याचं?"

"तिकडे भातासारखा शिजवून खातात."

"मग नाही चालणार."

"आत्या, भगर पण भातासारखीच खातो आपण."

"भगर भगर आहे," आत्या म्हणाली आणि किनोआ पुडीत परत ओतला. हा संवाद मक्याच्या परिच्छेदाखाली जोडून संपादकांना पाठवलाय.